गोल मैदानात, भाव मासळी बाजारात

३ सप्टेंबर २०२३, रविवारची संध्याकाळ. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ड्युरँड कपची फायनल. समोरासमोर कोण, तर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. जन्मोजन्मीचे दावेदार. ड्युरँडच्या फायनलला हे दोघे याआधी भेटले होते ते २००४ साली दिल्लीत, आणि तेव्हा कप नेला होता ईस्ट बंगालने. म्हणजे एकोणीस वर्षांचा हिशेब चुकता व्हायचा होता. त्यात याच स्पर्धेच्या गटातल्या सामन्यात, १२ ऑगस्टला, ईस्ट बंगालने बागानला १-० असं हरवलं होतं. म्हणजे जुन्या जखमेवर ताजं मीठ.

सामन्याच्या बासष्टाव्या मिनिटाला बागानच्या अनिरुद्ध थापाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. गडी राहिले दहा. ईस्ट बंगालवाल्यांना वाटलं, आता झालं काम. पण नऊच मिनिटांनी बागानचा ऑस्ट्रेलियन खेळाडू दिमित्री पेत्रातोस एकटाच चेंडू घेऊन सुटला आणि लांबूनच त्याने असा फटका मारला की गोलकीपरचं काही चाललं नाही. १-०. तोच निकाल कायम राहिला. बागानचं हे सतरावं ड्युरँड. तोवर दोघांकडे सोळा-सोळा होती.

आता वाचक म्हणतील, साहेब, शेतीच्या पानावर हे फुटबॉल कुठून काढलं? पेरणी सांगा, फवारणी सांगा. सांगतो. या दोन क्लबांचा सामना मैदानात सुरू होतो, पण संपतो मासळी बाजारात. बागान जिंकला की त्याचे पाठीराखे कोळंबी घेऊन घरी जातात. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा. जो जिंकेल त्याच्या मासळीला त्या दिवशी मागणी, आणि मागणी आली की भाव आलाच. आपल्याकडे दसऱ्याला झेंडूचं होतं ना, तसंच. मग मासळी हा शेतीचाच जोडधंदा असेल, तर हा सामना आपल्या पानाबाहेरचा कसा?

आणखी एक गोष्ट आहे. या दोन मासळ्यांपैकी एक माणसाला पिकवता येते, दुसरी येत नाही. सगळी गोम तिथे आहे. पण आधी या वैराची कुळकथा.

घोटी आणि बांगाल

मोहन बागान हा जुना क्लब, स्थापना १८८९ची. २९ जुलै १९११ रोजी त्याने आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवलं. बागानचे बहुतेक गडी अनवाणी खेळले आणि बुटातल्या साहेबांना भारी पडले. हिंदी संघाने शील्ड जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या एका दिवसाने फुटबॉल बंगाल्याच्या रक्तात गेला.

ईस्ट बंगालचा जन्म मात्र एका रुसव्यातून झाला. १९२० साली जोडाबागान नावाच्या क्लबने सामन्याच्या वेळी पूर्व बंगालकडचा एक चांगला खेळाडू बाहेर ठेवला. सुरेशचंद्र चौधरी हे त्या क्लबचे एक पदाधिकारी. त्यांना हे लागलं. ते बाहेर पडले आणि त्यांनी सोबत्यांना घेऊन वेगळी चूल मांडली. नावच ठेवलं ईस्ट बंगाल. पंगतीत एकाला वाढायचं राहिलं, त्यातून दुसरी पंगत बसली, ती आजतागायत उठलेली नाही.

पश्चिम बंगालच्या मूळच्या माणसाला तिकडे ‘घोटी’ म्हणतात, पूर्वेकडून आलेल्याला ‘बांगाल’. बोलण्याची ढब वेगळी, स्वयंपाकाची रीत वेगळी. घोटी भाजीत चिमूट साखर टाकतो, बांगाल तिखटाकडे झुकतो. घोटीची शान कोळंबी, बांगालचा जीव पद्मा नदीच्या हिलशावर. बागानचा रंग हिरवा-तांबडा, चिन्ह शिडाची होडी. ईस्ट बंगालचा लाल-पिवळा, चिन्ह पेटती मशाल.

१९४७ साली फाळणी झाली आणि या थट्टेला धार आली. पूर्वेकडून लाखो माणसं घरदार, जमीनजुमला सोडून कोलकात्याच्या आसपास येऊन पडली. शेतीच्या अंगाने पाहिलं तरी या फाळणीचं दुखणं कळतं. तागाची शेतं बहुतेक पूर्वेकडे राहिली आणि तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी, पश्चिमेकडे. एकाकडे माल, दुसऱ्याकडे कारखाना. गिरण्या चालायच्या म्हणून पुढे पश्चिम बंगालच्या शेतकऱ्याने ताग मोठ्या प्रमाणावर धरला. मालाची तरी अशी सोय लागली. माणसांचं काय? ज्याचं गावच नकाशाच्या पलीकडे गेलं, त्याला सांगायला एक नाव उरलं, ते क्लबचं. शनिवारी-रविवारी लाल-पिवळा झेंडा घेऊन मैदानात ओरडायचं आणि जिंकल्यावर हिलसा घेऊन घरी जायचं, म्हणजे घटकाभर गावाला जाऊन आल्यासारखं. हे ध्यानात घेतलं म्हणजे एका फुटबॉल सामन्यासाठी लाखभर माणूस का जमतो ते कळतं.

कप वाटून घेतला, पण...

फेडरेशन कप ही देशभरातल्या क्लबांची स्पर्धा १९७७ साली सुरू झाली आणि २०१७ पर्यंत चालली. पुढच्याच वर्षी, १९७८ला, कोइमतूरच्या फायनलला हे दोघे समोरासमोर आले. गोल कुणाचाच नाही. कप दोघांना विभागून दिला. १९८० साली पुन्हा फायनलला हेच दोघे, या खेपेला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर. तेव्हा ईस्ट बंगालकडे मजीद बिश्कर, जमशीद नसिरी असे इराणी खेळाडू होते. अलीगढला शिकायला आले आणि कोलकात्याचे होऊन गेले. तो सामना १-१ सुटला. कप पुन्हा दोघांचा. बांधावरचं आंबा झाड दोन भावांनी निम्मं-निम्मं खावं, तसं.

इथेच थांबले असते तर गोष्ट गोड होती. पण त्याच वर्षी १६ ऑगस्टला, त्याच ईडन गार्डन्सवर, लीगच्या साध्या सामन्यात विपरीत घडलं. मैदानात दोन खेळाडूंची धसमुसळ झाली, दोघांनाही बाहेर काढलं. त्याची ठिणगी प्रेक्षकांत पडली. दोन्हीकडचे पाठीराखे एकाच गॅलरीत मिसळून बसलेले. दगड, विटा सुरू झाल्या, पळापळ झाली, माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. सोळा जण गेले. खेळ बघायला म्हणून घरातून निघालेली सोळा माणसं परत आली नाहीत. त्यात घोटी किती आणि बांगाल किती, हे विचारण्यात काय अर्थ? ज्या घरी संध्याकाळी चूल पेटली नाही, त्या घराला कोळंबीचं काय आणि हिलशाचं काय.

तेव्हापासून कोलकात्यात १६ ऑगस्ट हा फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी रक्तदान शिबिर असतं. रक्त सांडलं त्याची आठवण रक्त देऊन ठेवायची. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. रक्ताच्या बाटलीवर गट लिहिलेला असतो, क्लब लिहिलेला नसतो.

आपल्याकडे कोल्हापूरच्या वाचकाला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. पेठेपेठेची तालीम, तालमीतालमीचा फुटबॉल संघ आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी त्याने पाहिलेली आहे. ईर्षा असल्याशिवाय खेळाला रंग नाही, हे खरं. पण ईर्षा गॅलरीतून रस्त्यावर उतरली की रंगाचा बेरंग व्हायला वेळ लागत नाही, हेही तितकंच खरं.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ

या वैराचा सगळ्यात मोठा दिवस मात्र फायनलचा नव्हता. १३ जुलै १९९७, फेडरेशन कपचा उपांत्य सामना, सॉल्ट लेक स्टेडियम. प्रेक्षक किती? १ लाख ३१ हजार ७८१. भारतात कुठल्याही खेळाला एका मैदानात इतकी माणसं जमल्याचं उदाहरण सापडायचं नाही. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या हंगामात हिऱ्याच्या आकाराची नवी मांडणी आणली होती आणि तिचा मोठा बोलबाला होता. समोर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सगळ्यांचे पीके. सामन्याआधी अमलबाबूंनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची, भाईचुंग भुतियाचीसुद्धा, टर उडवली. भाईचुंगने तोंडाने उत्तर दिलं नाही. त्याने तीन गोल मारले. ईस्ट बंगाल ४-१.

त्या रात्री हिलशाचा दिवस होता हे सांगायला नको. पण पुढे काय झालं? फायनलला गाठ पडली गोव्याच्या सालगावकर क्लबशी आणि कप गोव्याला गेला. उपांत्य सामना म्हणजेच फायनल असं मानून दोघांनी सगळा दारूगोळा आधीच उडवला, आणि तिसरा शांतपणे कप घेऊन घरी गेला. गावात सोसायटीच्या निवडणुकीत दोन गट इरेला पेटतात आणि तिसराच चेअरमन होतो, त्यातला हा प्रकार.

आता मासळीचं बोलू

अलीकडे शेततळ्याच्या कामाला बांधावर गेलं की हमखास विचारणा होते, “साहेब, तळ्यात कोळंबी सोडली तर?” सोडता येते, म्हणून तर विचारतात. बंगालमध्ये गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीला ‘गलदा’ म्हणतात, खाऱ्या पाण्यातल्या टायगर कोळंबीला ‘बागदा’. उत्तर चोवीस परगण्यात खाडीचं पाणी आत घेऊन बांध घातलेली मोठमोठी तळी आहेत, त्यांना तिकडे ‘भेरी’ म्हणतात. बी सोडा, पाणी सांभाळा, खाद्य द्या, काढणी करा. पीकच आहे ते. मोहन बागान जिंकला आणि मागणी वाढली, तर पुढच्या हंगामात तळं वाढवता येतं.

म्हणून कोळंबीचं सगळं आलबेल आहे असं समजू नका. गोड्या पाण्यातली कोळंबीसुद्धा पिल्लं असताना निमखाऱ्या पाण्यातच जगते. हॅचरीत तशी सोय करावी लागते, म्हणून बी घेताना खात्रीच्या हॅचरीचंच घ्यावं. १९९४-९५च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातल्या टायगर कोळंबीच्या तळ्यांची धूळधाण केली. कर्ज काढून तळी खोदलेले पुष्कळ लोक त्यात बसले. आणि सुंदरबनच्या खाड्यांमध्ये गरीब बायाबापड्या कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढून बागद्याचं बी गोळा करतात. त्या जाळ्यात बागद्याचं पिल्लू थोडं आणि इतर माशांची पिल्लं ढीगभर. कामाचं तेवढं निवडायचं, बाकीचं काठावर मरून जातं. एका मासळीचं बी जमवताना दहा मासळ्यांचं बी बुडतं.

हिलशाची गोष्ट याहून अवघड. आपल्या किनाऱ्यावर याला पाला म्हणतात. हा मासा राहतो समुद्रात आणि अंडी घालायला येतो नदीत, गोड्या पाण्यात, प्रवाहाच्या उलट पोहत. पिल्लं नदीत वाढतात आणि मग खाली समुद्राकडे जातात. पाण्याबाहेर काढला की फार वेळ जगत नाही. तळ्यात सोडून विकण्याजोगा वाढवावा, असं काम अजून साधलेलं नाही. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मासेमारी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यामागे आहेत, पण शेतकऱ्याच्या हातात देण्यासारखं अजून काही आलेलं नाही.

एके काळी हा मासा गंगेतून वर थेट अलाहाबादपर्यंत जायचा. १९७५ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यात फराक्का धरण सुरू झालं आणि त्याची वाट अडली. धरण कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून बांधलं होतं, माशाचं वैर म्हणून नव्हे. पण माशाला कारण कळत नाही, भिंत कळते. फराक्क्याच्या वर हिलसा मिळेनासा झाला. बिहार-उत्तर प्रदेशातल्या नदीकाठच्या कोळ्यांचा तो हंगामच गेला. आता शास्त्रज्ञ धरणाखालचे हिलसा पकडून, खुणेची पट्टी लावून, वरच्या अंगाला नेऊन सोडतात. आपल्या शेजारी गुजरातेत भरूचला नर्मदेच्या मुखाशी या माशाचा नावाजलेला हंगाम असतो. तिथेही वरून येणारं गोडं पाणी कमी झालं आणि हिलसा घटला, ही कोळ्यांची जुनी तक्रार आहे.

दुसरा घाव जाळ्याचा. बारीक आसाचं जाळं लावायचं आणि वीतभर पिल्लंसुद्धा ओढायची. पश्चिम बंगाल सरकारने २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडायला आणि विकायला बंदी केली. बांगलादेशात ऑक्टोबरच्या सुमारास, अंडी घालण्याच्या दिवसांत, बावीस दिवस मासेमारी बंद ठेवतात. लहान हिलशाला तिकडे ‘जाटका’ म्हणतात, त्याच्या बंदीचा काळ तर महिनोन्महिने असतो. त्या काळात कोळ्यांच्या कुटुंबांना सरकार तांदूळ देतं. हे महत्त्वाचं. नुसतं ‘पकडू नका’ म्हणून भागत नाही, चूल कशी पेटणार तेही बघावं लागतं.

२०१२ साली बांगलादेशाने हिलशाची निर्यात बंद केली. २०१९पासून दुर्गापूजेच्या सुमारास थोडा माल सोडायला परवानगी देतात. म्हणजे बघा, ज्या पद्मेच्या हिलशासाठी बांगालचा जीव तुटतो, तो आता सरकारी परवान्यावर येतो. कोलकात्यात ईस्ट बंगाल जिंकला, तरी ताटातला मासा वर्षातून बरेच दिवस पद्मेचा नसतोच.

चढणीचे मासे

शेतकरी बंधूंनो, हिलसा आपल्या ओढ्याला येत नाही हे खरं. पण मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आपल्याकडे काय होतं? ओढ्याला लाल पाणी येतं आणि मासे चढणीला लागतात. अंड्यांनी पोट भरलेले मासे उलट्या पाण्यात उड्या मारत वर येतात, भातखाचरापर्यंत. आणि आपण? बत्ती, काठी, जाळं, बुट्टी घेऊन रात्रभर ओढ्यात. चढणीच्या माशाची चव न्यारी म्हणून सगळे तुटून पडतो. कुणी तर विषारी पावडर टाकून सगळा ओढाच मारतो. मग गणपतीनंतर म्हणायचं, पूर्वी ओढ्याला केवढे मासे असायचे हो, आता काहीच नाही. कुठून असणार? हिलशाची जी गोष्ट फराक्क्याला, तीच आपल्या बांधाला. बंधाऱ्याचे बर्गे वेळेवर निघाले नाहीत तर वाट अडते, आणि वाट मोकळी असेल तर आपण अडवतो.

एवढं तरी गावाने ठरवावं. पहिल्या पुरात अंड्यावरचे मासे धरू नयेत, चार-आठ दिवस दम धरावा. बारीक जाळं लावू नये. ओढ्यात विष टाकणाऱ्याला ग्रामसभेत उभं करावं. खायला बंदी नाही, बी राखायला सांगतो आहे. जोंधळ्याचं कणीस आपण बियाण्याला बाजूला ठेवतोच की.

फुटबॉलने सुरुवात केली, फुटबॉलनेच संपवतो. १८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड कपमध्ये या दोन क्लबांचा सामना ठरला होता. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता आणि सारं शहर पेटून उठलं होतं. बंदोबस्ताच्या कारणाने सामना रद्द झाला. तरी पाठीराखे स्टेडियमबाहेर जमलेच. हिरवा-तांबडा झेंडा आणि लाल-पिवळा झेंडा शेजारी शेजारी, मागणी एकच, त्या मुलीला न्याय. ज्यांच्या भांडणात १९८० साली सोळा जीव गेले, त्यांचीच पुढची पिढी खांद्याला खांदा लावून उभी होती.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोलकात्याच्या माणसाने ती दोन्ही अंगांनी भोगली. समोरचा संघच उरला नाही तर सामना कुणाशी खेळायचा? आणि नदीत मासाच उरला नाही तर जिंकून खायचं काय? तेव्हा यंदा मृगात ओढ्याला लाल पाणी आलं की बुट्टी उचलण्याआधी एवढं आठवा.